नाशिकहून परदेशात आंतरराष्ट्रीय कायद्याचं एलएलएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. एलएलबी इथंच केलं, एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, नेदरलँड्समधल्या लायडनला. परत आल्यापासून बार रूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, कधी थेट कोर्टाच्या जिन्यात तेच तेच प्रश्न येतात. कुणाची भाची शेवटच्या वर्षाला असते, कुणाच्या मुलाला ‘युनोत जायचं’ असतं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. फी, व्हिसा आणि शिष्यवृत्तीचे नियम दर वर्षी हलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी मूळ संकेतस्थळ बघायचंच.

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे नेमकं शिकायचं काय?

लासलगावपासून सुरुवात करू. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ च्या सुरुवातीला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क मागे उरलं. बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला बंदी आणि शुल्क, दोन्हींचा अर्थ एकच, भाव पडले. जागतिक व्यापाराच्या कायद्यात मात्र या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. गॅट या जागतिक व्यापार कराराचं अकरावं कलम निर्यातबंदीला मनाई करतं, शुल्काला करत नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अपवाद आहे: अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते. मग टंचाई ‘गंभीर’ कधी म्हणायची? ‘तात्पुरती’ म्हणजे किती महिने? हे ठरवणार कोण? आणि ठरवलं, तरी जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, म्हणजे हरलेल्या देशानं अपील केलं की प्रकरण लटकलंच. साखरेच्या अनुदानाच्या वादात २०२१ च्या डिसेंबरात भारताविरुद्ध निकाल गेला, तेव्हा भारतानं हेच केलं.

हे वाचताना तुमच्या डोक्यात चार उपप्रश्न उभे राहिले असतील तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, तीस लाख खर्च करून कळण्यापेक्षा.

ढोबळ वाटण्या अशा. देशादेशांतला कायदा, म्हणजे करार, सीमा, समुद्र, युद्ध, मानवी हक्क, हा ‘पब्लिक’. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचे आणि कंपन्यांचे व्यवहार, घटस्फोट, मुलांचा ताबा हा ‘प्रायव्हेट’. व्यापार, गुंतवणूक आणि लवाद (कोर्टाऐवजी पंचांकडून निवाडा) मधल्या पट्ट्यात येतात आणि नोकऱ्या बऱ्याचशा तिथं असतात.

हे केलं की हेगच्या कोर्टात उभं राहता येतं का?

कुलभूषण जाधव प्रकरणानंतर हा प्रश्न फार वाढला. हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेऊन भारताची बाजू मांडली, १७ जुलै २०१९ ला निकाल आला, आणि दूतावास संपर्काबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं छत्तिसावं कलम आपल्याकडच्या पानटपरीवरही चर्चिलं गेलं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाला स्वतःची वकिलीची सनद नाही, बार नाही. ज्या देशाचा खटला, तो देश ज्याला नेमेल तो उभा राहतो. म्हणून तिथं जाण्याची वाट एलएलएममधून थेट जात नाही. मोठ्या वकिलांच्या मागच्या खुर्च्यांवर फायली, नकाशे, जुने करार शोधणारी तरुण मंडळी बसलेली असतात, त्यांच्यात तुम्ही बसू शकता. न्यायाधीश व्हायचं तर आणखी लांबचा पल्ला. त्या न्यायालयावर आजवर बेनेगल राव, नगेंद्र सिंह, आर. एस. पाठक आणि २०१२ पासून दलवीर भंडारी एवढेच भारतीय न्यायाधीश निवडून गेले. भंडारी त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत. एक देशांच्या भांडणाचं. दुसरं व्यक्तींवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणारं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते रोम कराराखाली २००२ पासून चालू आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. मुलाखतीत ही गल्लत झाली तर पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही.

कोणत्या देशात जावं?

आधी देश आणि मग विषय असं ठरवू नका, उलट करा.

देशादेशांतला कायदा, युद्धाचा कायदा, फौजदारी न्यायालयं हवी असतील तर नेदरलँड्स. लायडन ते हेग रेल्वेनं पाव तासाच्या आतलं अंतर. लवाद न्यायालय, फौजदारी न्यायालय, खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याची हेग परिषद, सगळं त्या एका शहरात. मानवी हक्क, निर्वासित, मानवतावादी कायदा यासाठी जिनिव्हा. तिथं ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आहे, जिनिव्हा अकादमी आहे आणि लवादाचा वेगळा, नावाजलेला अभ्यासक्रमही आहे. व्यापाराचा कायदाही जिनिव्हातच राहतो, कारण जागतिक व्यापार संघटना तिथं आहे. सागरी कायद्याचं न्यायाधिकरण मात्र जर्मनीत, हॅम्बुर्गला.

इंग्लंडचं आकर्षण समजण्यासारखं आहे. भाषा तीच, कायद्याची पद्धत ओळखीची. केंब्रिजचं एलएलएम नऊ महिन्यांत उरकतं. ऑक्सफर्डमध्ये तुम्हाला ‘एलएलएम’ असं नाव सापडणार नाही, आपल्यासारख्या कॉमन लॉ देशांतल्या मुलांसाठी तिथं बीसीएल असतं. नावात बॅचलर असलं तरी ती पदव्युत्तर पदवी आहे. मुलगी परदेशात जाऊन पुन्हा बॅचलर का करतेय, हे नातेवाइकांना समजावण्याची तयारी ठेवा.

अमेरिका सगळ्यात महाग. तिथं जायचं एक ठोस कारण असतं, न्यूयॉर्कची बार परीक्षा. पण प्रत्येक एलएलएम त्या परीक्षेला चालत नाही, ठरावीक क्रेडिट आणि ठरावीक विषय लागतात. प्रवेश घेण्याआधी बार बोर्डाचे नियम वाचा, नंतर नाही. सिंगापूर लवादासाठी चांगलं, आणि घरापासून पाच-सहा तासांच्या विमानावर.

नाशिकच्या कॉलेजचं एलएलबी चालतं का? टक्के कमी आहेत.

चालतं. आपल्याकडची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, पदवी विद्यापीठाची असते, आणि ती बाहेर ओळखली जाते. तीन वर्षांचं असो की पाच वर्षांचं, दोन्ही चालतात.

टक्क्यांचं दुखणं खरं आहे. लॉला आपल्याकडे अठ्ठावन्न टक्के मिळवणारा मुलगा वर्गात पहिल्या पाचांत असू शकतो, आणि बाहेरच्या प्रवेश समितीला हे माहीत नसतं. उपाय एकच, ते त्यांना कळेल असं करायचं. कॉलेजकडून वर्गातल्या क्रमांकाचं पत्र घ्या. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना विनंती करा की आकडा पत्रात लिहा, ‘साठ जणांत तिसरी’ असा. ‘अत्यंत हुशार व कष्टाळू’ या शब्दांना तिथं शून्य किंमत.

मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांची लुटुपुटूच्या खटल्याची स्पर्धा, केलं असेल तर त्याला वजन आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचं जेसप मूट १९६० पासून चालतं आणि ते नाव सगळीकडे कळतं. आपल्या कॉलेजची टीम नसेल तर तीन मित्र गोळा करून बनवा. हरलात तरी चालेल. चाळीस पानांचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहिण्याची सवय तरी लागते.

शिफारसपत्रं आणि एसओपी कशी लिहायची?

माझ्या एका सरांनी मला सांगितलं होतं, “तूच लिहून आण, मी सही करतो.” सगळीकडे हेच चालतं हे मला ठाऊक आहे. मी लिहून नेलं, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि म्हणाले, “ही कोण आहे? मी हिला ओळखत नाही.” मग शेजारच्या टेबलावर बसून त्यांनी स्वतः अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. त्यात एका तोंडी परीक्षेत मी त्यांच्याशी कसा वाद घातला होता ते होतं. ते अर्धं पान माझ्या दोन पानांपेक्षा भारी होतं. तेव्हा सरांना आठवण करून देणारा कागद द्या: कोणता प्रकल्प, कोणतं मूट, कोणता निबंध. पत्र त्यांचं त्यांना लिहू द्या. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत पत्राची लिंक थेट शिक्षकाच्या ईमेलवर जाते, तेव्हा सरांचा ईमेल चालू आहे ना, एवढं तरी आधी बघा.

एसओपीत, म्हणजे हे शिक्षण का घ्यायचंय ते सांगणाऱ्या निबंधात, ‘लहानपणापासून मला न्यायाची आवड होती’ हे वाक्य असेल तर खोडा. मी आजवर बरेच मसुदे तपासले, निम्म्यांची सुरुवात हीच. तुमच्याकडे नाशिक आहे ना! द्राक्षांचंच घ्या. २०१० मध्ये युरोपनं क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले. मर्यादा कोण ठरवतं, कोणत्या शास्त्रीय आधारावर, आणि निर्यातदार देशाला हरकत घेता येते का, हा स्वच्छता व वनस्पती-आरोग्य कराराचा प्रश्न. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, आणि ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात वाइन आणि मद्यांना बाकीच्या मालापेक्षा जास्त संरक्षण दिलंय. लासलगावच्या कांद्यालाही मानांकन आहे, पण तेविसाव्या कलमाचं ते जास्तीचं कवच त्याला नाही. का नाही? यावर एक आख्खी एसओपी होते, आणि ती दिल्लीच्या मुलाला सुचणार नाही.

आयईएलटीएस किती लागतो? मी मराठी माध्यमातली आहे.

बहुतेक ठिकाणी ७ ते ७.५, आणि लेखनात वेगळी किमान अट. मराठी माध्यमाच्या मुलांना वाचन-श्रवण जमतं, लेखनात अर्धा गुण अडतो. तीन महिने रोज एक परिच्छेद लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या. मीही मराठी माध्यमाचीच. पहिले दोन महिने वर्गात हात वर करायची भीती वाटली. मग लक्षात आलं की ब्राझीलचा मुलगा माझ्यापेक्षा वाईट इंग्रजी बोलतो आणि तरी थांबत नाही.

एकूण खर्च किती? कर्ज मिळतं का?

नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना एलएलएमची फी साधारण वीस हजार युरो आणि त्यावर. राहणं-खाणं महिन्याला हजार-बाराशे युरो, त्यातला निम्म्याहून जास्त खोलीच्या भाड्यात. हिशेब सोपा पडावा म्हणून युरो शंभर रुपयांचा धरा, तर वर्षाचे तीस-पस्तीस लाख. लंडनमध्ये हा आकडा वर जातो. अमेरिकेतल्या नामांकित लॉ स्कूलची नुसती फीच सत्तर हजार डॉलरच्या पुढे आहे.

आता कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देण्यासाठी सरकारची हमी योजना आहे. त्यावरच्या रकमेला बहुतेक बँका तारण मागतात, आणि इथं आपल्या जिल्ह्यातली कुटुंबं ठेच खातात. “आमची निफाडला आठ एकर बाग आहे,” असं सांगून वडील निर्धास्त असतात. शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. एन. ए. (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव चालते. प्लॉट असेल तर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, सातबाऱ्यावरची जुनी नावं, आजोबांच्या वारसांची नोंद, हे सगळं बाहेर येतं. माझ्या कर्जाच्या वेळी सातबाऱ्यावर एका आत्याचं नाव निघालं. तिचा हक्कसोड आधीच झाला होता, पण फेरफार कुणी ओढलाच नव्हता. तलाठ्याकडे खेपा घालण्यात सात आठवडे गेले आणि विद्यापीठाची आगाऊ रक्कम भरायची तारीख चार दिवसांवर आली. बँकेच्या शाखेत दर आठवड्याला ‘साहेब रजेवर’ होते, ते वेगळंच. म्हणून ऑफर लेटर यायच्या आधी सातबारा काढून वाचा.

हप्त्याचं गणितही घरात सगळ्यांसमोर मांडा. तीस लाख, ११ टक्के, दहा वर्षं: महिन्याला सुमारे ४१ हजार. अभ्यासक्रम आणि नंतरचे काही महिने हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच राहतं, त्यामुळे प्रत्यक्ष हप्ता याहून मोठा. नाशिकमध्ये पहिल्या वर्षी सिनियरकडून पेट्रोलचे पैसे सुटले तरी आपण खूश असतो, हे त्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. दिलासा एवढाच: जुन्या करपद्धतीत असाल तर कलम ८०ई खाली व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, शिष्यवृत्ती नसताना राहतं घर तारण ठेवून हे एलएलएम करू नका. एक वर्ष थांबा, पुन्हा अर्ज करा.

शिष्यवृत्त्या कोणत्या?

इंग्लंडसाठी चेव्हनिंग. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळतो, आणि नंतर दोन वर्षं देशात परतावं लागतं. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीही आहे. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, त्याला किमान तीन वर्षांचा अनुभव. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन तिशीच्या आतल्यांना देतं, पण आधी प्रवेश हातात हवा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, ते कर्ज-शिष्यवृत्ती देतं, म्हणजे परतफेड असते.

राज्य सरकारच्या योजना आपल्याकडे कमी माहीत असतात. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची योजना. त्याचं आयुक्तालय तर नाशिकलाच आहे, गडकरी चौकात. सुरगाणा-पेठच्या मुलांनी मुंबईला खेपा मारायची गरज नाही, आधी तिथं जाऊन विचारा. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि मराठा समाजासाठी वेगळ्या योजना आहेत. या सगळ्यांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कितवं, वय किती, घरचं उत्पन्न किती, या अटी असतात आणि शासन निर्णय बदलला की त्याही बदलतात. क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची धरतात, लॉ विभागाची नाही. त्यामुळे आपल्या विषयात उत्तम असलेली छोटी विशेष संस्था यादीतून बाद होऊ शकते. कॉलेज निवडतानाच हे पाहा.

विषय निघालाच आहे तर सांगते. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. हे सयाजीराव मूळचे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. परदेशी शिक्षणाचा विषय नाशिक जिल्ह्याला नवा आहे असं कुणी म्हणालं की मी हे ऐकवते.

पासपोर्ट, अपोस्टिल, व्हिसा यांत कुठं अडकायला होतं?

पासपोर्टमध्ये फार नाही. पुस्तिका तर नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच छापली जाते, पण म्हणून आपल्याला लवकर मिळते असं नाही!

युरोपात अडतं ते जन्मदाखल्यावर. नेदरलँड्समध्ये गेल्यावर तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, त्यासाठी इंग्रजीतला, अपोस्टिल केलेला जन्मदाखला हवा. अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का, जो करारातले बहुतेक देश पुढची चौकशी न करता मान्य करतात. १९६१ चा हा करार हेगमध्येच झाला आणि भारत त्यात २००५ मध्ये आला. म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या आधीच तुम्ही आंतरराष्ट्रीय कायदा वापरलेला असतो.

इंग्लंडच्या व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. सत्ताविसाव्या दिवशी आईनं त्यातून गॅस सिलिंडरचे पैसे काढले आणि शिल्लक खाली गेली, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. थोडी जास्तीची रक्कम ठेवा. जर्मनीला वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवलेलं खातं लागतं.

तिथं शिकवतात कसं?

शिकवत नाहीत, वाचायला लावतात. दोन तासांच्या वर्गासाठी दीडशे पानं. प्राध्यापक येतात, म्हणतात, ‘वाचलंच असेल’, आणि प्रश्न विचारायला लागतात. लायडनची लॉ फॅकल्टी ज्या इमारतीत आहे ती पूर्वी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती. १९०८ मध्ये हेलियमचा द्रव पहिल्यांदा तिथं झाला. हिवाळ्यात सकाळी साडेआठला, बाहेर अंधार असताना, सायकलवरून तिथं पोहोचलं की हेलियम इथंच का गोठवावासा वाटला ते पटतं.

एका वर्गात ‘प्रादेशिक रूढी’ हा विषय होता. फक्त दोन देशांमध्येच एखादी रूढी कायदा म्हणून निर्माण होऊ शकते का? उदाहरण होतं पोर्तुगाल विरुद्ध भारत, १९६०. दादरा आणि नगर हवेलीला दमणहून जाण्याचा हक्क. प्राध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं, वर्गात भारतीय मी एकटीच. त्या मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या होत्या, सुधीर फडके त्यात होते हे माहीत होतं, पण ते प्रकरण हेगला गेलं होतं याचा मला पत्ताच नव्हता. न्यायालयानं म्हटलं होतं की खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, फौजा आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि भारतानं आपली जबाबदारी मोडलेली नाही. जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेला, आपल्या घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरचा खटला मी लायडनला जाऊन शिकले. रात्री वडिलांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, “मग आपल्याकडे का नाही शिकवत?”

एकदा तरी पीस पॅलेसमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या इमारतीत, खुली सुनावणी ऐका. इमारत १९१३ ची, अमेरिकेतले उद्योगपती कार्नेगी यांच्या पैशातून उभी राहिलेली. ओळख तपासतात, पिशव्या बाहेर ठेवायला लावतात, कानात लावायला भाषांतराचं यंत्र देतात. सगळे बसले की एक जण मोठ्यानं फ्रेंचमध्ये ‘ला कूर!’ असं पुकारतो आणि न्यायाधीश आत येतात, गळ्याशी पांढरी लेस. मला आपल्या कोर्टातला पुकारा आठवला. फरक एवढाच की तिथं पहिल्याच हाकेला सगळे हजर असतात.

मुलगी एकटी राहील. जेवणाचं काय?

कुकर न्या. डाळ-तांदूळ सगळीकडे मिळतो, हेगमध्ये तर सुरीनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं आहेत. गोडा मसाला मिळत नाही. खोली मात्र ऑफर आल्या दिवशी शोधायला लागा. नेदरलँड्समध्ये घरांची टंचाई खरी आहे, आणि न पाहिलेल्या खोलीचं भाडं आगाऊ मागणारा माणूस बहुधा फसवा असतो.

परत आल्यावर या पदवीला इथं किंमत आहे का?

वकिलीसाठी एलएलएम लागतच नाही. एलएलबी, बार कौन्सिलची नोंदणी आणि एआयबीई ही बारची परीक्षा, एवढं पुरतं. अशिलाला तुम्ही कुठं शिकलात याच्याशी घेणं नसतं, त्याला पुढची तारीख हवी असते.

प्राध्यापक व्हायचं असेल तर सावध. एका वर्षाच्या परदेशी एलएलएमची बरोबरी इथल्या एलएलएमशी धरायची की नाही, यावर बार कौन्सिलनं २०२० च्या नियमांत कडक भूमिका घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शिकवायचंच हे पक्कं असेल तर जाण्याआधी त्या वेळची स्थिती लेखी माहिती करून घ्या. नेट परीक्षा द्यावी लागेल ती वेगळीच.

न्यायाधीशाची परीक्षा डोक्यात असेल तर आणखी एक गोष्ट. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. परदेशातलं वर्ष त्या तिनांत मोजलं जाईल असं गृहीत धरू नका.

नोकऱ्या? परराष्ट्र मंत्रालयाचा कायदा आणि करार विभाग आहे, तिथल्या जागा यूपीएससीमार्फत निघतात, पण मोजक्या. दिल्लीत व्यापार आणि गुंतवणूक कायद्याचं सरकारी केंद्र आहे. मुंबईत लवादाचं काम करणाऱ्या फर्म आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक इंटर्नशिप बिनपगारी असतात, आणि जिनिव्हात सहा महिने बिनपगारी राहणं म्हणजे दुसरं एलएलएमच. तिथंच थांबून नोकरी शोधायची असेल तर नेदरलँड्स पदवीनंतर एक वर्षाचा शोध-परवाना देतं. इंग्लंडचा दोन वर्षांचा परवाना कमी होत चाललाय.

मी स्वतः काय करते? दिवाणी दावे, आणि त्याच्या जोडीला पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष निर्यातदारांचे करार. एकदा एका निर्यातदारानं रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा छापील करार दाखवला. वाद झाला तर डच न्यायालय, डच कायदा. त्यानं शेवटचं पान वाचलंच नव्हतं, फक्त दर वाचला होता. डच कायदा निवडला की वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय विक्रीचा १९८० चा करार आपोआप लागू होतो. भारत त्याचा सदस्य नाही, पण नेदरलँड्स आहे. शिवाय डच कोर्टाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालच्या देशांत नेदरलँड्स नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली दोन्हीकडे बजावता येतो. आम्ही ते एक कलम बदलून घेतलं, लवाद घातला. त्या कामाची फी आली ती एका पेटी सोनाका द्राक्षांसह. कर्जाच्या हप्त्यात द्राक्षं धरत नाहीत, हा भाग वेगळा.

न जाता हे शिकता येईल का?

बरंचसं येतं. दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आंतरराष्ट्रीय कायद्यावरच भर असलेलं दोन वर्षांचं एलएलएम देतं. इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ १९५९ पासून आहे आणि पदविका चालवते. संयुक्त राष्ट्रांच्या दृक्‌श्राव्य ग्रंथालयात जगातल्या मोठ्या अभ्यासकांची व्याख्यानं फुकट आहेत. जायच्या आधी त्यातली दहा ऐका, पुढचा निर्णय सोपा होईल. आणि हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग काही आठवड्यांचे असतात, त्यांना शिष्यवृत्तीही मिळते. वर्षभराचं कर्ज काढण्याआधी चव घ्यायला हे उत्तम.

आधी वकिली की आधी एलएलएम?

दोन वर्षं वकिली करून जा. शिष्यवृत्त्यांना अनुभव लागतोच, शिवाय साक्षीपुरावा स्वतः हाताळलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय निकाल वेगळे दिसतात. अपवाद फक्त ज्याला संशोधनातच राहायचंय त्याचा.

मला आज, या आठवड्यात काय करता येईल?

सगळे कागद जमिनीवर पसरा आणि त्यांवरचं नाव वाचा. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा. जन्मदाखल्यावर कधी नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. लग्न झालं असेल तर आणखी एक आडनाव. माझ्या दहावीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक ‘एच’ जास्त होता आणि त्या एका अक्षरासाठी मला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि अडीच महिने लागले. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात गर्दी सकाळी कमी असते. सोबत आईचं आधार कार्ड न्या, ते हमखास मागतात.